वि: बाबांसाठी वजनकाटा, शनिवारच्या आत

प्रेषक: मुग्धा
नमस्कार मंडळी. बाबा मंगळवारी हॉस्पिटलमधून घरी आले. डबे पाठवले त्यांचे आभार, रिकामे डबे गाडीत ठेवलेत. आता काम. रोज सकाळी बाबांचं वजन लिहायचंय. एका दिवसात दोन-तीन पाउंड किंवा आठवड्यात पाच वाढले तर अंगात पाणी साठतंय समजा आणि लगेच फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. आमचा काचेचा काटा आज १५७.४ म्हणाला, दोन मिनिटांनी १६०.८. फोन करायचा की नाही? शनिवारी नर्स येणार, त्याआधी धड काटा हवा. कुठला घेऊ?

प्रेषक: श्रीरंग
आमच्याकडचाच घे. तेरा आकडे देतो. चरबी, स्नायू, हाडं, पाणीसुद्धा! म्हणजे तुझं कामच झालं. माझं 'शरीराचं वय' ३९ दाखवतो, घरी कुणाचा विश्वास नाही.

प्रेषक: वैशाली
> पाणीसुद्धा!
अरे बाबा, थांब. मुग्धा, त्यांना पेसमेकर आहे ना? मग चरबी सांगणारा काटा घरात आणूच नकोस. तळपायातून बारीक वीज सोडून तो हिशेब करतो. पेसमेकरवाल्यांनी वापरू नये, हे त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. शिवाय ते 'पाणी' नुसता अंदाज. साधा, फक्त वजन सांगणारा घे. आणि फोन आत्ता कर, उगाच वगैरे काही नसतं. पावलांना सूज आहे का, आडवं झाल्यावर दम लागतो का, तेही सांग. काटा ठेवलायस कुठे?

प्रेषक: मुग्धा
बेडरूममध्ये, कार्पेटवर. बाथरूमची फरशी गार असते म्हणून. फोन करते.

प्रेषक: माधवकाका
मग काट्याला कशाला बोल लावतेस! त्याच्या चारही पायांत एकेक लोड सेल असतो. धातूची पट्टी वजनानं किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा रोध बदलतो, त्यावरून आकडा. कार्पेटमध्ये पाय रुतले की काट्याचं बूड टेकतं, थोडा भार पायांना चुकवून खाली जातो.

फरशीवर ठेव. हलवलास की एकदा पायानं दाबून शून्य येऊ दे, मगच चढा. तपासायचं असेल तर आधी तू एकटी उभी राहा, मग २० पाउंडांची न फोडलेली कणकेची पिशवी घेऊन. फरक २० च्या आसपास यायला हवा. पण नुसतं लगेच परत चढून "बघा, तोच आकडा" म्हणू नका. बरेच काटे मागचं वजन लक्षात ठेवतात आणि फरक थोडा असेल तर तेच पुन्हा दाखवतात. मापात पाप! मंडईत पारडी अदलाबदल केली की पासंग कळायचा, इथे काय अदलाबदल करणार?

प्रेषक: सुनीती
मंडळाचा काटा आहे की. तो द्या तोवर.

प्रेषक: संजय (खजिनदार)
तो दिवाळी अंकांच्या खोक्यांसाठी घेतलाय, माणसांसाठी नाही. माझ्या गॅरेजमध्ये आहे आणि वहीत सही केल्याशिवाय हलणार नाही. मागे बॅगा तोलायला म्हणून गेला तो चार महिन्यांनी हळद लागून परत आला. कोणी नेला ते लिहीत नाही.

प्रेषक: सुनीती
हळद नव्हती, लोणचं होतं. त्याच काट्यानं २३ किलो दाखवले आणि विमानतळावर माझ्या बॅगेतून बरणी काढायला लावली.

प्रेषक: माधवकाका
तू तो गालिच्यावर ठेवला होतास. मी पाहिलंय.

प्रेषक: नीलिमा
काचेचा मुळातच नको. आमची आई ८२ ची. आकडा पायाखाली, चष्मा टेबलावर. ती बघायला वाकली की आकडा नाचतो, आणि मला हाक मारेपर्यंत विझतो. तोल जातो म्हणून बेसिनचा काठ धरला, तर वजन दोन किलोंनी कमी! शेवटी ठेंगणा, रुंद, वर रबर असलेला बोलका काटा घेतला. तो इंग्रजीत वजन सांगतो, आई त्याला "बरं" म्हणते आणि उतरते.

प्रेषक: वैशाली
नीलिमाचा पर्याय उत्तम. मुग्धा, काट्याच्या पाठीवरचं बटण पाउंडांवरच ठेव. बाबा किलोत विचार करतात. "दोनच तर वाढलंय" म्हणून गप्प बसतील, आणि ते जवळजवळ साडेचार पाउंड होतील. रोज उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेच कपडे.

प्रेषक: मुग्धा
फोनवर त्यांनी उद्याच बोलावलंय. काटा फरशीवर आणला, कणकेची पिशवी घेऊन चढले, फरक २०.२. बोलका मागवलाय, शुक्रवारी येतोय. बाबा विचारताहेत, मराठी बोलतो का.

निळ्या झाकणाचा डबा कुणाचा?

प्रेषक: संजय (खजिनदार)
डब्यांसाठी कृपया वेगळा विषय सुरू करावा.