चार्जर सोडा, सेट टॉप बॉक्स बघा

मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढून ठेवला की विजेचं बिल उतरतं, असं बरेच जण सांगतात. काढा जरूर, पण हाती फारसं लागणार नाही. चांगला चार्जर रिकामा असताना अर्धा वॉटही घेत नाही. खरा खादाड सेट टॉप बॉक्स. बरेच जुने बॉक्स रिमोटने बंद केले तरी जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज ओढतात. सकाळी हात लावून बघा, कोमट लागतो. सतत १० वॉट म्हणजे महिन्याला ७.२ युनिट, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढचं प्रत्येक युनिट महाग.

बंद ठेवलेली उपकरणं अशी किती वीज ओढतात ते मोजायला वेगळं यंत्र नको. फ्रिज, पंखे, दिवे, गीझर पाच मिनिटं बंद करा, बाकी सगळं रोजच्यासारखं 'रिमोटने बंद' ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजा. (मीटर खाली जिन्यात असेल तर पोरांना पाठवा, आवडीने करतात.) मीटरवर युनिटमागे ३२०० इम्पल्स (म्हणजे दिव्याचं लुकलुकणं) लिहिलं असेल, तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतील. मिनिटाला एकदा लुकलुकला तर साधारण १९ वॉट, महिन्याला साडेतेरा युनिट. यात वायफायचा राउटरही आला. तो रात्री बंद करावा की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.