‘फ्रंटियर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकन वेस्टर्न (तिथल्या पश्चिम भागातल्या काऊबॉय वगैरेंच्या) कादंबऱ्यांवर लिहिते आहे आणि ‘फ्रंटियर’पाशी अडले आहे. ‘सरहद्द’ लिहिलं की खैबरखिंड आठवते, ‘सीमा’ लिहिलं की जवान. ‘वेस्टर्न’ला ‘पाश्चात्त्य’ म्हणावं तर शेक्सपिअरही त्यात येतो!

— ‘वेस्टर्न’ आहे तसंच राहू द्या. ‘सरहद्द’ मात्र नको, कारण ती जागची हलत नाही आणि फ्रंटियर गोऱ्यांच्या वस्तीबरोबर सतत पश्चिमेकडे पुढे सरकतो. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरचा नायक नॅटी बम्पोच बघा. ‘द पायोनियर्स’मध्ये (१८२३) हा म्हातारा शिकारी न्यूयॉर्क राज्यातल्या एका सरोवराकाठी आहे. ‘द प्रेअरी’मध्ये (१८२७) तोच मिसिसिपीच्या पार, गवताळ मैदानात. का, तर झाडं तोडणाऱ्या कुऱ्हाडींचा आवाज नको म्हणून. वस्ती मागून येते आणि हा पुढे पळतो. मी ‘वस्तीची कड’ लिहीन.

— ‘शीव’ का नको? अस्सल शब्द आहे.

— शीव दोन गावांमधली. शिवेपलीकडे दुसऱ्या गावाचं शिवार असतं, त्यांची पांढरी असते. इथे पलीकडे मोकळं रान.

— मोकळं कोणाच्या लेखी? लाकोटा, कोमांची, अपाची या मूळ रहिवाशांच्या जमाती तिथेच राहत होत्या ना? रान ओसाड होतं ही गोऱ्या वसाहतवाल्यांची समजूत, आणि स्वस्त कादंबऱ्यांनी ती घरोघर पोचवली. त्या हिशेबाने ‘शीव’ जास्त प्रामाणिक. ‘वस्तीची कड’ म्हटलं की वस्ती फक्त एकाच बाजूला होती असं वाटतं.

— मुद्दा मान्य. पण शब्द लेखकांच्या डोक्यातला हवा की इतिहासातला? हे लेखकही त्या कडेवर राहून लिहीत होते असं नाही. ही कड आता उरली नाही, असं १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच जाहीर केलं. झेन ग्रे हा न्यूयॉर्कमध्ये दात काढणारा डॉक्टर. त्याची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ आली १९१२ मध्ये, गोष्ट १८७१ च्या युटातली. जर्मन कार्ल मायची तर कमालच. ‘विनेटू’ १८९३ ची आणि स्वारी अमेरिकेत पहिल्यांदा गेली १९०८ मध्ये! तेव्हा कथेविषयी लिहिताना ‘वस्तीची कड’ आणि खऱ्या भूभागाविषयी लिहिताना ‘शीव’, असं वेगळं ठेवलं तर?

प्रश्नकर्ती : हे पटतंय. आणि काऊबॉय? ‘गुराखी’ लिहिलं तर कृष्ण डोळ्यांसमोर येतो.

— गुराखी संध्याकाळी गुरं गावात परत आणतो. काऊबॉय महिनोन्‌महिने घोड्यावर. १८६७ पासून टेक्सासची गुरं कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेपर्यंत हाकत न्यायची, हे त्याचं पगारी काम. आपल्याकडे खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि तो हाकणारा खिल्लारी. कामाच्या दृष्टीने हाच जवळचा, पण आज तो वाचून बैलाची जातच आठवेल. काऊबॉयच ठेवा.

— जाता जाता, ‘डाइम नॉव्हेल’चं ‘स्वस्त कादंबरी’ करू नका. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. १८६० मध्ये बीडल कंपनीने काढलेल्या मालिकेच्या नावातच ती किंमत होती, तेव्हा ‘दहा सेंटी कादंबरी’ सरळ आहे.