मदत हवी आहे: छोट्या शेतकऱ्यांकडून थेट कॉफी कशी घ्यावी?
मंडळी, पुण्यात माझी छोटी रोस्टरी, म्हणजे कॉफीच्या बिया भाजण्याचा व्यवसाय, आहे. आंध्रातल्या अराकू, ओडिशातल्या कोरापूट आणि केरळातल्या वायनाडच्या लहान शेतकऱ्यांकडून थेट कच्ची कॉफी घ्यायची आहे. एकेकाकडे जेमतेम दोन-चार पोती निघतात, म्हणून आजवर व्यापाऱ्यामार्फतच घेतली. गेल्या खेपेचं पोतं उघडलं तर कुबट वास, बी दाताखाली मऊ! ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास हवा होता. कुणी, कुठे वाळवली, सांगणारं कुणी नाही. शेतकऱ्याला दोष देववत नाही. अवकाळी पावसात अंगणातली कॉफी सांभाळणं सोपं नसतं.

अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होईल, त्याआधी ठरवायचंय. शेतकरी गटांशी कुणाचा थेट व्यवहार आहे का? आगाऊ किती देता? नमुना कसा तपासता? आणि आपल्या चिखलदऱ्याची कॉफी कुणाकडे मिळेल?