ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: आयएस३८ की हायब्रिड टर्बो?

घाटवाला: मंडळी, गाडी २०१७ ची स्कोडा, स्टेज १ मॅप (इंजिनाच्या संगणकात ताकद वाढवणारी पहिल्या पायरीची सेटिंग). साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे दमते. मूळची आयएस२० टर्बो काढून फोक्सवॅगन गोल्फ आरची मोठी आयएस३८ बसवू, की आयएस२० च्याच खोक्यात पात्यांची मोठी चाकं टाकलेली हायब्रिड घेऊ? रोजचं कात्रज–हिंजवडी, ट्रॅक क्वचित.

बूस्टगेज: कात्रज–हिंजवडी म्हणजे भाऊ, तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जगता! आयएस३८ त्याच बोल्टांवर बसते, वरच्या आरपीएमला मजाही भरपूर. पण तिला नीट जाग येते तीन हजारांच्या आसपास. आयएस२० तोवर कधीच कामाला लागलेली असते. रोजच्या वापराला मी हायब्रिडच म्हणेन, फक्त बॅलन्सिंगचा (फिरणारे भाग समतोल केल्याचा) रिपोर्ट मागा. तो न देणाऱ्याकडून फुकटही घेऊ नका.

जुनी आयएस३८ मिळत असेल तर इनटेक पाइप काढून कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या) चाकाचा नट चिमटीत धरा आणि आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला किंवा पात्यांच्या कडा घासलेल्या दिसल्या, तर चहा पिऊन परत या.

डिझेलप्रेमी: गिअरबॉक्स विसरू नका. कंपनीचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३५० न्यूटन मीटर. आयएस३८ त्याच्या बरंच पुढे जाते. टीसीयू (गिअरबॉक्सचा संगणक) मॅप नसेल तर डीएसजीचे, म्हणजे या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, क्लच घसरणार. आणि विमा कंपनीला न कळवता केलंत, तर क्लेमच्या वेळी रडाल.

घाटवाला: इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) अजून कंपनीचाच आहे.

बूस्टगेज: मग टर्बो बदलणं तूर्त राहू द्या. आधी मोठा इंटरकूलर टाका. मे महिन्यात दुपारी खंबाटकी चढताना इनटेक तापमानाचा लॉग घ्या आणि इथे टाका.