साईनगर लेआउट ग्रुप: बोलेरोचे फॉग लॅम्प, रिले अन् फ्यूज

*शनिवार*

प्लॉट ४: राम राम मंडळी. बोलेरोले दोन फॉग लॅम्प लावाचे आहेत, ५५ वॅटचे हॅलोजन. या आठवड्यात रात्रीची लाइन आहे, ओलितासाठी वावरात जा लागते. सकाळच्या पारी धुवारी राहते अन् रोही कवा आडवा येईल सांगता येत नाही. दुकानवाला म्हणते सरळ हेडलाइटच्या वायरीतून जोड मार. करू काय?

प्लॉट ११: नको करू भाऊ. ५५ दुणे ११० वॅट. १२ व्होल्टनं भागलं तर ९ अँपिअरच्या वर जाते, गाडी चालू असताना १० धर. हेडलाइटची वायर, कपलर (वायरी जोडाचा प्लास्टिकचा जोड) अन् स्टिअरिंगखालचं स्विच हे कंपनीनं हेडलाइटपुरतंच दिलेलं राहते. त्यावर आणखी १० अँपिअर टाकले की आधी कपलर पिवळा पडते, मग वितळते. रिले लाव.

प्लॉट ७: रिले लावली म्हणजे वायर जळत नाही, असंच ना?

प्लॉट १९: नाही काका, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. रिले म्हणजे फक्त दुरून चालणारं स्विच. आतल्या कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, जेमतेम ०.१५ अँपिअर लागतो, त्यावर ती ३० अँपिअरचा संपर्क ओढते. म्हणजे डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून मोठा करंट जात नाही, एवढाच तिचा उपयोग. वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर रिले काहीच करत नाही. ते काम फ्यूजचं. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. पुढे लॅम्पजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी पडली, तिला वाली कोणी नाही.

प्लॉट ४: सर, फ्यूज कितीचा?

प्लॉट १९: १५ अँपिअर. लोडच्या सव्वा ते दीडपट घ्यायचा, पण वायर जेवढं सोसते त्याच्या आत. फ्यूज लॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. १५ चा उडतो म्हणून ३० चा घातला तर पुढच्या वेळी फ्यूज शाबूत राहील आणि वायर फ्यूजचं काम करेल.

प्लॉट ११: वायर २.५ स्क्वेअर एमएमची घे, ऑटो वायर म्हणून माग. घरच्या फिटिंगची उरलेली वापरू नको. तिचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचं राहते अन् बॉनेटखाली एप्रिल-मे मध्ये त्याच्या वर जाऊ शकते. एकेरी तारेची तर बिलकूल नको, गाडीच्या थरथरीनं लगजवळ (लग म्हणजे वायरीच्या टोकाले दाबून बसवतात ती धातूची पिन) तुटते.

प्लॉट ४: दुकानात ०.७५ ची पडून आहे, ती नाई चालत?

प्लॉट १९: बटणाच्या, म्हणजे कॉइलच्या वायरीला चालेल. लॅम्पला नाही. हिशोब बघ. ०.७५ स्क्वेअरच्या तांब्याचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण २३ मिलिओम. ४ मीटर वायर आणि १० अँपिअर, म्हणजे जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच गेले. २.५ ला तेच ०.२८. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. एक व्होल्ट कमी मिळाला की पाव उजेड गेलाच समज. मग लोक म्हणतात लॅम्प हलका निघाला.

प्लॉट २: 🙏 उद्या नळ सकाळी ६ ऐवजी ८ ला येणार आहे. नोंद घ्यावी.

प्लॉट ११: आता जोडणी. रिलेच्या बुडाले आकडे छापले राहतात. ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकाचे आकडे आहेत, कोणत्याही कंपनीची रिले घेतली तरी अर्थ तोच.
३० ले बॅटरीचा प्लस, मधात फ्यूज.
८७ मधून लॅम्प. इथूनच दोन वायरी काढून दोन्हीकडे ने.
८६ ले बटणाकडून येणारा प्लस.
८५ ले अर्थिंग, म्हणजे बॉडीचा मायनस.
लॅम्पचा दुसरा पाय बॉडीले. झालं.

प्लॉट ७: फोटो टाका ना कोणती पिन कुठं ते.

प्लॉट ११: फोटो मुद्दामच टाकत नाही काका. चार पिनच्या रिलेत दोन प्रकार येतात. एकात ३० अन् ८६ च्या जागा दुसऱ्याच्या उलट राहतात. फोटो पाहून लावली की एखाद्या वेळी बॅटरीचा प्लस कॉइलवर जाते अन् माणूस दिवसभर वायरी तपासत बसते. आकडा वाचूनच लावा. आकडा घासला असंल तर मल्टिमीटर लावा. ज्या दोन पिनांत ६० ते १०० ओहमच्या मधात दाखवलं ती कॉइल, म्हणजे ८५-८६.

प्लॉट १९: पाच पिनची मिळाली तर मधली पिन नीट वाच. तिथे ८७ए असेल तर ती रिले बंद असताना चालू राहते. चुकून तिथे लॅम्प जोडला की बटण दाबल्यावर लॅम्प विझेल आणि गाडी उभी असताना रात्रभर जळेल. काही पाच पिनच्या रिलेत मधे दुसरी ८७ असते, ती चालते. ८७ए मोकळी राहणार असेल तर तिच्यावर टोपी किंवा स्लीव्ह घाल, कारण रिले बंद असताना तिच्यावर बॅटरीचा थेट प्लस असतो.

प्लॉट ४: ८५ अन् ८६ उलटसुलट झालं तर?

प्लॉट १९: साध्या रिलेत फरक पडत नाही. पण आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच हवा. उलट जोडलं की डायोडमधून सरळ शॉर्ट, मग फ्यूज उडतो नाहीतर डायोड जातो. रिलेच्या अंगावर छोटी आकृती असते, त्यात त्रिकोण आणि आडवी रेघ दिसली तर डायोड आहे. सवयच लाव ना, ८६ प्लस, ८५ मायनस.

प्लॉट २२: दादा, तो डायोड कशासाठी असतो?

प्लॉट ११: ताई, बटण बंद करताना कॉइल उलटा झटका मारते, शेकड्यात व्होल्टेज जाऊ शकते. डायोड तो झटका जिरवते. तो नसंल तर जुन्या गाडीत बटणाची टिकली जळते एवढंच. नवीन गाडीत त्याच लाइनवर कॉम्प्युटरचं आउटपुट असलं तर ते जाऊ शकते. आत डायोड नसंल तर बाहेरून १एन४००७ नंबरचा डायोड ८५-८६ च्या मधात लावा, त्याची पांढरी पट्टी ८६ कडे.

प्लॉट ४: बरं, बटणाले प्लस कुठून घेऊ? बॅटरीतूनच घेतो, सोपं पडते.

प्लॉट ११: तिथंच लोक फसतात ना बाप्पा. बटण चालू राहून गेलं तर लॅम्प रात्रभर जळते, सकाळी सेल्फ फिरत नाही. फॉग लॅम्पले ट्रिगर, म्हणजे कॉइल चालू करणारा प्लस, पार्किंग लाइटच्या वायरीतून घे. पार्किंग चालू असंल तवाच बटण काम करंल, पार्किंग बंद केली की फॉग आपोआप बंद. पार्किंगच्या वायरीवर भार पडते फक्त त्या ०.१५ अँपिअरचा.

प्लॉट १९: आणि पुढे मोबाईल चार्जर, कॅमेरा असलं काही एकाच रिलेवर घेणार असशील तर त्याचा ट्रिगर चावीच्या अ‍ॅक्सेसरी लाइनवरून घे. सेल्फ मारताना ती लाइन क्षणभर तुटते, तेवढ्यापुरता चार्जर बंद पडतो. तो दोष नव्हे. कायम चालू असलेल्या फ्यूजवरून मात्र घेऊ नकोस. मग नुसती कॉइलच रात्रंदिवस ओढलेली राहते. ०.१५ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ३.६ एएच (अँपिअर-तास). गाडी आठवडाभर उभी राहिली तर २५ एएच गेले. लॅम्प नाही, गाणं नाही, तरी ६० एएचची बॅटरी निम्म्याच्या जवळ आली. असा ड्रेन लवकर सापडत नाही, कारण दिसायला सगळं बंदच असतं.

प्लॉट ७: माह्या ट्रॅक्टरले चालंल काय हीच रिले? मांगं एक वर्किंग लाइट लावाचा आहे.

प्लॉट ११: ट्रॅक्टर १२ व्होल्टवर आहे, चालंल. फक्त ट्रकच्या दुकानातून घेत असाल तर अंगावरचा आकडा पाहा. २४ व्होल्टची रिले १२ वर टक सुदिक करत नाही. अन् १२ ची २४ वर लावली तर कॉइल तापून जळते. ट्रॅक्टरवर चिखल-पाणी राहते, तवा रिले पिना खाली करून लावा. पिना वर असल्या की धुताना पाणी सॉकेटमध्ये जमते अन् हिरवा गंज चढते.

प्लॉट २२: आमची गाडी वॉरंटीत आहे. शोरूमवाले म्हणतात वायर कापली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी गेली.

प्लॉट १९: बरोबर आहे ताई. कापायचीच नाही. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो. मूळ फ्यूज काढून त्या जागी टॅप बसवायचा, मूळ फ्यूज टॅपच्या एका खाचेत आणि आपला २-३ अँपिअरचा दुसऱ्या खाचेत. त्यातून फक्त कॉइलचा ट्रिगर घ्या. लॅम्पचा करंट त्यातून घेऊ नका. नवीन गाडीत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, बॅटरीच्या मायनसच्या क्लॅम्पवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर आपला अर्थ बॅटरीच्या टोकाला जोडू नका, बॉडीला जोडा. नाहीतर सेन्सरला हा खर्च कळतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. दोन, काही गाड्यांत लाइटला सलग प्लस न देता तुटक तुटक देतात. तिथून ट्रिगर घेतला की रिले माशीसारखी गुणगुणते आणि थोड्याच दिवसांत तिचे संपर्क जळतात. मग चावीच्या लाइनकडे वळायचं.

प्लॉट ४: हॉर्न पण बदलाचे आहेत मले, दोन मोठे. सारखीच जोडणी?

प्लॉट ११: ३०, ८७ तसंच. पण बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण मायनस देते, प्लस नाई. टेस्ट लॅम्पनं पाहा. बटण मायनस देत असंल तर ८६ ले चावीचा प्लस अन् ८५ ले बटणाची वायर. अन् सूर बदलणारा पॉं-पीं-पॉं वाला घेऊ नको. मोटार वाहन नियम ११९ मध्ये त्याले बंदी आहे, पावती फाटते.

प्लॉट ११: लिहून घे, उद्या आणाले बरं पडंल: ४० अँपिअरची चार पिनची रिले सॉकेटसकट, ब्लेड फ्यूज होल्डर झाकणाचा, १५ चे फ्यूज ३, २.५ स्क्वेअर वायर ६ मीटर, ०.७५ ची ४ मीटर, ६.३ एमएमचे लग, ६ एमएमच्या बोल्टचे गोल लग ४, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), काळी रिंगांची स्लीव्ह अन् एक रबरी ग्रॉमेट (पत्र्याच्या भोकात बसवाची रिंग, वायर कडेले घासू नये म्हणून). स्लीव्ह विसरू नको, कापूस घरात आला की उंदीर गाडीतही येतात.

प्लॉट ७: टेप नाई लागत?

प्लॉट ११: टेपवर भरवसा नको काका. आपल्याकडच्या ४५ डिग्रीत टेपचा डिंक वितळते, टेप सरकते अन् जोड उघडा पडते. वायर पिळून टेप मारणं हे काम नोहे. लग क्रिंपिंगच्या पक्कडनं दाबा. दाबल्यावर जोर लावून ओढून पाहा, निसटला तर तो तसाही निसटणारच होता. साध्या पक्कडनं चेपलेला लग वरून चांगला दिसते, आतून ढिला राहते, तापते, अन् सॉकेट ८७ किंवा ३० पाशी तपकिरी होते. रिले जळली म्हणून येणाऱ्या गाड्यांत बरेचदा रिले चांगली अन् सॉकेटचा लग ढिला राहते.

प्लॉट १९: कामाला लागताना १० नंबरच्या पान्याने आधी बॅटरीचा मायनस काढ. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात ग्रॉमेट हवाच. फ्यूज सगळ्यात शेवटी घाल.

*रविवार*

प्लॉट ४: लावलं सगळं. रिले टक करते, लॅम्प लागतात, पण उजेड मंद वाटून राहिला. डावा जास्तच.

प्लॉट ११: मीटर काढ. गाडी चालू, लॅम्प चालू. बॅटरीवर किती, डाव्या लॅम्पच्या दोन पायांत किती?

प्लॉट ४: बॅटरी १३.८. डावा लॅम्प १२.१.

प्लॉट १९: १.७ व्होल्ट कुठेतरी अडकलेत. आता एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी लॅम्पच्या प्लसवर. मग एक बॅटरीच्या मायनसवर, दुसरी लॅम्पच्या मायनसवर. दोन्ही वेळा लॅम्प चालूच ठेव. बंद असताना मोजलं तर शून्यच दाखवेल.

प्लॉट ४: प्लसकडे ०.३५. मायनसकडे १.३५.

प्लॉट ११: मग रिले, फ्यूज, वायर सगळं ठीक. अर्थ खराब. बोल्ट कुठं कसला?

प्लॉट ४: बंपरच्या पट्टीवर.

प्लॉट ११: पट्टीवर रंग आहे, अन् ती पट्टी पण रंगाच्या बोल्टांनीच चेसिसले धरली आहे. चेसिसवर जागा पाहा. सॅंडपेपरनं चांदीसारखा पत्रा दिसेतो घास, गोल लग, काटेरी वॉशर, बोल्ट कस, अन् वरून व्हॅसलीन फास. आधी व्हॅसलीन नको. ८५ चा अर्थ पण तिथंच घे. तो ढिला राहिला तर खड्ड्यात रिले टकटक करत राहते.

प्लॉट ४: मायनसकडे ०.०८ आलं. लॅम्पवर १३.३. लखलखाट झाला सर.

प्लॉट १९: छान. १५ मिनिटं लॅम्प चालू ठेवून मग फ्यूज होल्डर आणि सॉकेटला हात लाव. कोमट चालेल, चटका बसला तर तो लग परत क्रिंप कर.

प्लॉट ११: अन् आता लॅम्पचा रोख नीट कर. सपाट जागेवर भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी कर. उजेडाची वरची कड लॅम्पच्या उंचीपेक्षा ४ इंच खाली पडली पाहिजे. वर ठेवलं तर धुवारीत पुढं पांढरी भिंतच दिसंल, अन् समोरच्याच्या डोळ्यात जाईल ते वेगळंच.

प्लॉट ७: पुढच्या रविवारच्या पहिले माह्या ट्रॅक्टरचं सामान आणतो. वर्किंग लाइट २७ वॅटचा एलईडी आहे, फ्यूज ५ चा ना?

प्लॉट ११: हो काका. सव्वादोन अँपिअर घेते तो, ५ चाच घाला. वायर १.५ ची पुरते.