मूळ कारण म्हणून ‘सिस्टरचा निष्काळजीपणा’ लिहायचं का?

वॉर्ड_इनचार्ज:
मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात आहे. मागच्या आठवड्यात रात्रपाळीच्या सिस्टरने अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर म्हणून पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल फोडली. सोबतच्या मुलीने लेबल वाचलं म्हणून निभावलं. आता एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) फाइलसाठी आरसीए, म्हणजे चुकीच्या मूळ कारणाचा शोध, करायचाय. वरून सांगणं एवढंच, ‘निष्काळजीपणा, समज दिली’ लिहा आणि मोकळ्या व्हा. मला पटत नाहीये.

फार्मसीवाला:
समज द्यायलाच हवी. लेबल वाचायला पहिल्या वर्षाला शिकवतात.

निवृत्त_मेट्रन:
द्या की समज. उद्या त्याच ट्रेमधून दुसरी मुलगी तीच अँप्यूल उचलेल, मग तिलाही द्या. अहो, रात्री ३ वाजता स्वतः त्या ट्रेसमोर उभ्या राहा. ट्रे भरतं कोण, परचेसने कंपनी बदलली का, तेव्हा वॉर्डात पेशंट किती होते, ते बघा. आणि १५ टक्क्यांचं पोटॅशियम जनरल वॉर्डात आलंच कशाला? पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

२००१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला १८ वर्षांच्या मुलाला शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध पाठीच्या कण्यात दिलं गेलं. मुलगा गेला, डॉक्टरला शिक्षाही झाली. पण शिरेतलं आणि कण्यात द्यायचं, दोन्ही औषधं सिरिंजमध्ये, दोन्ही एकाच वेळी हाताशी, आणि दोन्ही सिरिंज त्या सुईला चपखल बसणाऱ्या! २००७ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं, व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्या. पिशवी कोण कण्यात टोचणार? याला उपाय म्हणतात. ‘सावध राहा’ हा फळ्यावरचा सुविचार झाला.

वॉर्ड_इनचार्ज:
काल रात्री थांबले. दोन्ही अँप्यूल प्लास्टिकच्या, १० मिलीच्या, एकाच कप्प्यात सुट्या टाकलेल्या. पोटॅशियम वॉर्डात का, तर रात्री फार्मसी बंद आणि वेळेवर मिळालं नाही की डॉक्टर चिडतात. वर त्याच सिस्टरने ‘दोन्ही सारख्या दिसतात’ असं स्टोअरला आधीच कळवलं होतं, रजिस्टरात नोंद आहे. हे लिहिलं तर थेट मालकांवर जातंय.

निवृत्त_मेट्रन:
आधी त्या नोंदीची झेरॉक्स काढून ठेवा. मग आहे तसं लिहा, कुणाचं नाव न घालता. पोटॅशियम फक्त आयसीयूत, कुलपात, काढताना दोघींच्या सह्या. वॉर्डाला लागलं तर तिथूनच मिसळलेली बाटली लेबल लावून यावी. आणि मीटिंगला त्या सिस्टरलाही बसवा, मेमो टाइप व्हायच्या आधी.