लॉगची चक्री काढून टाकू नका

"जीपीएस वेग दाखवतंच, मग बोटीच्या तळाला भोक पाडून लॉगची चक्री कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. (लॉग म्हणजे बोटीचा पाण्यातला वेग मोजणारं यंत्र; तळाखालची त्याची चक्री पाण्यानं फिरते.) पोचायला किती वेळ लागेल एवढंच हवं असेल तर मान्य. पण जीपीएसचा वेग जमिनीच्या हिशोबातला, लॉगचा पाण्याच्या. लॉगवर ५ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणि जीपीएसवर ३, म्हणजे समोरून २ नॉटचा प्रवाह आहे, हे एकट्या जीपीएसवरून कळायचं नाही. शीड ताणल्यानं वेग वाढला की नुसता प्रवाह बदलला, हेही नाही.

लॉगची खरी कटकट वेगळीच. माझा एकदा दीड नॉट कमी दाखवायला लागला. चक्री वर ओढली (भोकातून कारंजं उडतंच, बूच हाताशी ठेवा), तर पात्यांत शेवाळ आणि आसापाशी तांदळाच्या दाण्याएवढं बार्नॅकल (बोटीला चिकटून बसणारा कवचाचा समुद्री जीव). जुन्या टूथब्रशनं घासली. मग इंजिनाच्या त्याच आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्या ठेवून) एकदा प्रवाहासोबत, एकदा उलट जाऊन जीपीएसच्या दोन वेगांची सरासरी घेतली आणि लॉग तिला जुळवला. सरासरी वेगांचीच घ्यायची बरं का. एकूण अंतराला एकूण वेळेनं भागलंत तर आकडा कमी येतो, कारण उलट फेरीला वेळ जास्त जातो. मी पहिल्यांदा तेच करून बसलो होतो.